गायरान ‘रिकामे’ नाही, हे कागदावर कसे दाखवावे: खान्देशातल्या गावांसाठी

साक्री-शिंदखेड्याकडच्या बरडावर मे महिन्यात उभे राहिले, तर गायरान खरोखरच ओसाड दिसते. गवताची बुडखे तेवढी उरलेली, दोन-चार हिवर, बोरीची झुडपे आणि कडेने वेडी बाभूळ. त्या दिवसांत स्थळपाहणीला आलेला माणूस पंचनाम्यात ‘पडीक, वापर नाही’ असे लिहून जातो. त्याने पाहिले तेच लिहिलेले असते. पुढे सौर प्रकल्प असो, खडी क्रशर असो की कचरा डेपो, प्रस्तावाची पहिली ओळ याच तीन शब्दांवर उभी राहते.

गावाकडून उत्तर जाते ते मोर्चाचे, आणि तेही ताबा द्यायच्या दिवशी. तोवर फाईल तहसील, प्रांत, जिल्हाधिकारी अशी फिरून आलेली असते आणि तिच्यात गावाचा एकही कागद नसतो. (असलाच तर ग्रामपंचायतीचा ‘ना हरकत’ ठराव, तोही ऐनवेळच्या विषयात उरकलेला.) म्हणून हे काम प्रस्ताव यायच्या आधी करायचे. जागेचा वापर मोजायचा, लिहायचा आणि तो कागद फाईलमध्ये आधीच पोहोचवायचा. एका गावाला त्यासाठी एक वर्ष पुरते. सुरुवात पावसाळ्यात करावी, कारण मुख्य मोजणी ऑक्टोबरात येते.

जागा कोणत्या खात्याची आहे

गावात सगळ्यालाच गायरान म्हणतात. कागदावर मात्र ती निदान चार वेगळ्या प्रकारची जमीन असते आणि प्रत्येकीचा दरवाजा वेगळा. सातबाऱ्यावर ‘गुरचरण’ किंवा ‘गायरान’ असेल, तर ती जिल्हाधिकाऱ्यांनी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम २२ खाली चराईसाठी राखलेली जमीन. नुसते ‘सरकारी पड’ किंवा ‘मुलकी पड’ असेल, तर गुरे पिढ्यान्‌पिढ्या चरत असली तरी तिला गायरानाचे संरक्षण नाही. हा फरक निम्म्या गावांना प्रस्ताव आल्यावर कळतो. तिसरी जमीन वनखात्याची. चौथे नाले आणि नदीपात्र. त्यांना बहुधा गट क्रमांकच नसतो, ते फक्त नकाशावर दिसतात.

तलाठ्याकडून (आता ग्राम महसूल अधिकारी) एवढे काढा: त्या गटाचा सातबारा, गाव नमुना एक-ब म्हणजे सरकारी बिनभोगवट्याच्या जमिनींची नोंदवही, गाव नमुना एक-ई म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही, आणि त्या गटावर आजवर झालेले सगळे फेरफार. भूमी अभिलेख कार्यालयातून गट नकाशा आणि एकत्रीकरणाचा उतारा. हा शेवटचा कागद लोक विसरतात. एकत्रीकरणात सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुन्या सर्व्हे नंबरात ‘गुरचरण’ लिहिलेले आणि नव्या गटात नुसते ‘सरकार’ राहिलेले, अशी उदाहरणे सापडतात. तसे असेल तर आधी नोंद दुरुस्तीचा अर्ज तहसीलदारांकडे. बाकी सगळे त्याच्या नंतर.

वेबसाइटवरचा बिनसहीचा सातबारा फक्त पाहण्यापुरता. अर्जाला डिजिटल सहीचा लावा, तो १५ रुपयांत मिळतो. नमुने ‘शोधून सांगतो’ या उत्तरावर अडकले तर माहिती अधिकाराचा अर्ज करा: १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. महाराष्ट्राच्या नियमात ही शब्दमर्यादा आहे, आणि पाच गटांचे पाच प्रश्न एका अर्जात कोंबले की तो परत येतो. ३० दिवसांत उत्तर नसेल तर २० रुपये भरून पहिले अपील. दुसरे अपील राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे जाते, तिथे थांबावे लागते. म्हणून पहिल्या अपिलाच्या सुनावणीला स्वतः हजर राहा, बहुतेक कागद तिथेच मिळतात.

शिवारफेरी

पाच-सहा जण पुरतात, पण कोण ते महत्त्वाचे. एक रोज ढोरे नेणारा गुराखी, एक साठीच्या पुढचा शेतकरी, सरपण-भाजी-शेणासाठी जाणाऱ्या दोन बाया, मोबाइल नीट वापरणारे एक पोरगे. सरपंच नसला तरी चालेल. गुराखी नसला तर फेरी फुकट गेली समजा. पाणी कुठे साचते आणि गुरे कोणत्या वाटेने उतरतात, हे त्यालाच ठाऊक असते.

गट नकाशा सोबत ठेवून हद्दीने चाला. मोबाइलच्या जीपीएसवर चाललेली रेघ नोंदवा. हद्दीचा दगड, नाला, पाणवठा, पांद (शिवारातली वाट), देवस्थान, दफनभूमी, अतिक्रमण, अशा प्रत्येक ठिकाणी थांबून फोटो आणि वहीत क्रमांक. मोबाइलची रेघ पाच-दहा मीटर इकडेतिकडे होते, त्यामुळे ती शेजाऱ्याशी बांधावरून भांडायला वापरू नका. तिचा उपयोग वापर दाखवण्यापुरता. हद्द ठरवायला भूमी अभिलेखची मोजणीच लागते.

अतिक्रमण लिहिताना दोन वेगळी पाने करा. भूमिहीनांनी १४ एप्रिल १९९० पूर्वी कसायला घेतलेल्या जमिनींबाबत शासनाचे नियमानुकूल करण्याचे धोरण आहे. त्या कुटुंबांची प्रकरणे कुठवर आली ते त्यांनाच विचारून लिहा. दुसऱ्या पानावर गेल्या काही वर्षांत जेसीबी लावून सपाट केलेले पट्टे. दोन्ही एकत्र मोजले की गावात दोन तट पडतात, आणि मोठ्या पट्टेवाल्याला गरिबाच्या झोपडीआड लपायला जागा मिळते.

गुरे मोजणे

लसीकरणाची यादी पशुवैद्यकीय दवाखान्यात असते. तिच्यावर एकूण जनावरे कळतात, चरायला जाणारी कळत नाहीत; जर्सी गाय गोठ्यातच असते. म्हणून सकाळी ढोरे जिथून सुटतात त्या पांदीच्या तोंडाशी दोघांनी बसावे, एकाने गायी-बैल-म्हशी मोजाव्यात, दुसऱ्याने शेळ्या-मेंढ्या. तीन वेगवेगळ्या दिवशी, त्यातला एक बाजाराचा नसलेला. हेच पावसाळ्यात एकदा, दिवाळीनंतर एकदा आणि मार्चमध्ये एकदा. आकडे वेगळे येतील, ते तसेच राहू द्या. तिन्ही वेळा २१० जनावरे असा तक्ता दिला तर कोणताही जाणता अधिकारी ओळखतो की तो घरी बसून भरलाय.

ठेलारींचे (फिरत्या मेंढपाळांचे) कळप येत असतील तर त्यांचेही दिवस लिहा. कायद्याने राखीव चराईवरचा हक्क त्या गावच्या गुरांचा आहे, तो बाहेरच्या कळपांना आपोआप मिळत नाही. पण कापूस निघाल्यावर शेतात मेंढ्या बसवून खत घेणारे गाव त्याच ठेलाऱ्याला गायरानावर चोर ठरवते, हे काही बरे नाही. किती दिवस, किती मेंढ्या आणि कोणत्या वाटेने, एवढे त्यांच्याशी बोलून लिहून ठेवले तर वापराचा तक्ता आणखी भक्कम होतो.

गवताचे वजन

सगळ्या फाईलमध्ये हे पान सर्वांत जास्त कामाला येते, आणि हेच कोणी करत नाही.

गवत फुलोऱ्यावर येऊन पिवळे पडायच्या आत, साधारण ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. लाकडी पट्ट्यांची आतून बरोबर १ मीटर बाय १ मीटर अशी चौकट करा. गायरानात दहा जागा निवडा. चांगले गवत बघून निवडायच्या नाहीत. नकाशावर आधीच दहा टिंबे टाका आणि तिथे जाऊन चौकट ठेवा, मग तिथे खडक आला तरी खडकच. प्रत्येक चौकटीतले गवत बोटभर वर ठेवून विळ्याने कापा, वेगळ्या पिशवीत भरा, पिशवीवर क्रमांक. घरी सावलीच्या वाऱ्यावर आणि मग उन्हात वाळवा. दोन दिवस लागोपाठ वजन तेच आले की वाळले. किराण्याचा डिजिटल काटा चालतो.

समजा दहा पिशव्यांचे वाळले वजन २ किलो भरले. म्हणजे सरासरी २०० ग्रॅम प्रति चौरस मीटर. एका हेक्टरात १०,००० चौरस मीटर, तेव्हा हेक्टरी २,००० किलो. गायरान ४० हेक्टर असेल तर ८० टन. यातले निम्मे जमिनीवर राहायलाच हवे, नाहीतर बी पडत नाही आणि माती उघडी पडते. उरले ४० टन. अडीचशे किलोच्या गावठी जनावराला दिवसाला साधारण ६ किलो वाळला चारा लागतो. ४०,००० भागिले ६ म्हणजे सुमारे ६,६६० जनावर-दिवस; ५५ जनावरांचा १२० दिवसांचा चारा. आता या ४० टनांना आपल्या बाजारातला त्या वर्षीचा कडब्याचा भाव लावा. ‘विनावापर’ जमीन दरवर्षी गावाला किती रुपये वाचवते, तो आकडा समोर येतो. भावाची पावती जोडा.

चुका दोन होतात. ओल्या गवताचे वजन लावले जाते, ते वाळल्याच्या दुप्पट-तिप्पट असते आणि पूर्ण तक्त्यावरचा विश्वास जातो. दुसरी, सगळी गवते एकाच हिशेबात धरणे. कुसळी गवत कोवळे असतानाच गुरे खातात, कुसळ धरल्यावर तोंड लावत नाहीत. पवन्या आणि मारवेल यांचे तसे नाही. पिशवीवर क्रमांकाबरोबर गवताचे गावातले नाव लिहा.

पाण्याचा हिशेब सोपा, पण सांभाळून करावा. ४० हेक्टरवर ६०० मिलिमीटर पाऊस म्हणजे २४ कोटी लिटर पाणी पडते. एवढे सगळे मुरते असे लिहू नका, अभियंता हसेल. त्याऐवजी उताराखालच्या चार-पाच विहिरी ठरवून काठावरून पाण्यापर्यंतचे अंतर वजन बांधलेल्या टेपने मोजा: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे. भूजल सर्वेक्षण यंत्रणाही निरीक्षण विहिरी याच महिन्यांत मोजते, त्यामुळे तुलना करता येते. मोजायच्या आधी रात्रभर पंप बंद हवा.

ठराव

विषय सूचनेतच छापलेला हवा. नेहमीच्या ग्रामसभेची सूचना ७ दिवस आधी निघते, म्हणून ग्रामपंचायत अधिकाऱ्याला विषय त्याच्या आधी लेखी द्या आणि पोच घ्या. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी कमी ती. नमुना असा:

‘मौजे ___ येथील गट क्र. ___, क्षेत्र ___ हे. ___ आर, गुरचरण. या जमिनीवर गावातील ___ जनावरे चरतात. सोबतच्या तक्त्याप्रमाणे वर्षाला सुमारे ___ टन वाळला चारा मिळतो. उताराखाली ___ विहिरी आहेत. ही जमीन विनावापर नाही. तिचा वापर बदलण्याचा प्रस्ताव आल्यास त्यावर निर्णयापूर्वी ग्रामसभेचे म्हणणे लेखी मागवावे. हद्दीची मोजणी करून दगड रोवावेत. सोबतचे तक्ते व नकाशा ठरावाचा भाग समजावेत. सूचक ___, अनुमोदक ___, उपस्थित ___, पैकी महिला ___.’

‘आमचा सर्व प्रकल्पांना विरोध’ असे वाक्य घालू नका. त्यावर एका ओळीत उत्तर लिहिता येते. चाऱ्याच्या तक्त्यावर येत नाही. ठरावाची साक्षांकित प्रत तहसीलदार, प्रांत, गटविकास अधिकारी आणि जिल्हाधिकारी या चौघांना द्या आणि आवक क्रमांक स्वतःच्या प्रतीवर घ्या. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला ठराव फाईलला लागत नाही.

सोबत दोन आधार जोडावेत. सर्वोच्च न्यायालयाचा जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य हा २८ जानेवारी २०११ चा निकाल, गावाच्या सामायिक जमिनी परत गावाकडे आणण्याबाबतचा. आणि त्यानंतरचा महाराष्ट्र शासनाचा १२ जुलै २०११ चा निर्णय. शिवाय महसूल अधिनियमाचे कलम २२-अ: गायरान इतर कामाला वळवायचे तर दुसरी योग्य सरकारी जमीन उपलब्ध नाही, हे आधी दिसले पाहिजे. इथेच गावाने काम करावे. एक-ब नोंदवहीतून परिसरातल्या, गायरान नसलेल्या सरकारी पड जमिनी शोधून त्यांची यादी स्वतःच द्या. ‘तिथे नको’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘तिथे जागा आहे’ म्हणणाऱ्याचे ऐकले जाते.

सौर प्रकल्पांबाबत एक ध्यानात असू द्या. त्यांना पर्यावरण मंजुरीची जनसुनावणी लागत नाही. पवनचक्क्यांनाही नाही, म्हणून साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलच्या, पवनचक्क्यांच्या पठारावर सुनावणीचा मांडव कधी दिसायचा प्रश्नच नव्हता. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सरकारी जमीन नाममात्र भाड्याने दिली जाते. दिवसा वीज शेतकऱ्यालाच हवी आहे, तेव्हा गावातली निम्मी मंडळी योजनेच्या बाजूची असणार. भांडण योजनेशी करण्यात अर्थ नाही. गट क्रमांक बदलून मागा.

अतिक्रमण काढण्याचा अधिकार महसूल अधिनियमाच्या कलम ५० खाली महसूल खात्याला आहे. ग्रामपंचायतही ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ खाली चराईच्या जमिनीवर बेकायदा पेरलेले पीक काढू शकते. ती सहसा हलत नाही. मग कलम १४(१)(ज-३) ची आठवण द्यावी: सरकारी जमिनीवर अतिक्रमण करणारा सदस्य अपात्र ठरतो. एवढे एक वाक्य अर्जात असले की सभेचा सूर बदलतो.

जमीन वनखात्याची किंवा गाव पेसाचे (अनुसूचित क्षेत्रातले) असेल तर

नंदुरबारचे धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर हे तालुके पूर्ण, तसेच साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांतली काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते आणि गौण खनिजाच्या लिलावाआधी तिची शिफारस लागते. वनजमिनीसाठी वनहक्क कायदा २००६ चा सामूहिक दावा करावा. त्याच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला. दावे याच आकड्यावर परत येतात, म्हणून हजेरीपटावर महिलांच्या सह्या वेगळ्या पानावर घ्या. गायरान या दाव्यात येत नाही.

साक्री तालुक्यातले बारीपाडा जाऊन पाहण्यासारखे आहे. चैत्राम पवार (पद्मश्री २०२५) आणि गावकऱ्यांनी ४०० हेक्टरांहून अधिक जंगल स्वतःच्या नियमांनी राखले. भेटीला गेलात तर झाडे कमी बघा आणि दंड कसा लावतात, वसूल कोण करतो, ते विचारा. गवताळ बरडासाठी धुळे तालुक्यातले लामकानी जास्त जवळचे. तिथे चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदीने कुरण उभे राहिले. शहरालगतच्या जागेसाठी जळगावचे लांडोरखोरी: सुमारे ४८ हेक्टरांचे हे वन जैवविविधता कायद्याच्या कलम ३७ खाली वारसा स्थळ म्हणून जाहीर झाले आहे. त्या वाटेने जायचे तर गावाची लोकजैवविविधता नोंदवही (शिवारातल्या झाडे-प्राण्यांची नोंद) खरी भरलेली हवी. शेजारच्या गावाची उतरवून काढलेली नोंदवही पहिल्याच पानावर सापडते, कारण तिच्यात आपल्या शिवारात नसलेली सागाची झाडे असतात.

वाळू

गिरणा-पांझरेच्या पात्रात रात्री ट्रॅक्टर दिसले म्हणून फोन करण्याला फारसा अर्थ नाही, पथक पोहोचेतो पात्र मोकळे असते. सकाळी खड्डा मोजा. लांबी, रुंदी, खोली फुटांत, गुणाकार भागिले १०० म्हणजे ब्रास. ३० बाय २० बाय ५ फूट म्हणजे ३० ब्रास. खड्ड्यात फुटांच्या खुणा केलेली काठी उभी करून, तारीख दिसेल असा फोटो. अर्जात महसूल अधिनियमाचे कलम ४८(७) लिहून ब्रासचा आकडा द्या. दंड त्या आकड्यावरच ठरतो. अडवायला एकटे जाऊ नका, रात्री तर मुळीच नाही.

एका गावाने नाही, एका नाल्याने

एका गावाने गायरान राखले की प्रस्ताव शेजारच्या गावाला सरकतो आणि त्या गावाचे पाणी परत आपल्याच नाल्यातून वाहते. म्हणून पाणलोटातली पाच-सात गावे धरा, बुराईसारख्या लहान नदीवर हे सोपे जाते. ठरावाचा मजकूर सगळ्यांचा एकच, गट आणि आकडे आपापले. एक सामायिक नकाशा. मग जिल्ह्याच्या लोकशाही दिनाला, म्हणजे तक्रारी ऐकण्याच्या दिवशी, महिन्याच्या पहिल्या सोमवारी, एकत्र जा. अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो, आणि आधी तालुक्याला अर्ज केल्याचा पुरावा नसेल तर तो घेत नाहीत. सात गावांनी सात विषय मांडू नयेत. एकच मागणी: मोजणी आणि नोंद दुरुस्ती.

न्यायालयाची वेळ आलीच तर धुळे, जळगाव, नंदुरबारसाठी उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ. नदी, तलाव, उत्खनन यांसाठी पुण्याचे हरित न्यायाधिकरण. तिथे कारण घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत असते आणि ती अर्ज-विनंत्या करण्यातच संपते. वकिलाला पहिल्या महिन्यातच कागद दाखवून ठेवा.

राखल्यावर काय

पहिल्याच वर्षी सगळे गायरान बंद करू नका. शेळ्या भूमिहीनांच्या असतात, त्यांना दुसरी जागा नसते, आणि बंदी पहिल्यांदा मोडतेही तिथेच. एक तृतीयांश भाग दोन पावसाळे बंद, बाकी उघडा. मग पाळी बदला. पांझरेच्या फडात (बंधाऱ्याच्या पाण्यावरच्या सामायिक शेतीत) पाण्याची पाळी आणि पिकाची पाळी सगळ्यांनी मिळून ठरवली जायची, पाटकरी-जागल्याला मोबदलाही सगळ्यांचा मिळून. खान्देशाला हे नवे नाही. बंद भागातले गवत बी झडल्यावर, नोव्हेंबरात, विळ्याने कापून न्यायला परवानगी द्या, माणशी ठरावीक रक्कम घेऊन. त्यातून राखणदाराचा पगार निघतो.

वृक्षारोपणाचे खड्डे गवताच्या मधोमध घेऊ देऊ नका. बरडाची माती वीतभर. तिथे रोपे जगत नाहीत, गवत मात्र उखडले जाते आणि त्यावर आधी वेडी बाभूळ चढते. झाडे लावायची तर नाल्याच्या कडेने आणि हद्दीवर: हिवर, अंजन, बोर, सीताफळ.

फाईलच्या तीन प्रती करा आणि एक ग्रामपंचायतीबाहेर ठेवा, अधिकारी बदलला की कपाटातली फाईल सापडेनाशी होते. पाहणीला कोणी आले तर पंचनाम्यावर पंच म्हणून सही करण्याआधी तो पूर्ण वाचा. ‘वापर नाही’ असे लिहिलेले असेल तर सही नाकारू नका, नाकारली की दुसरे पंच मिळतात. सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहा: ‘चराईसाठी वापर आहे. ग्रामसभा ठराव क्र. ___, दि. ___, चाऱ्याचा तक्ता जोडला आहे.’ आणि तक्ता तिथेच टाचणीने लावा.